ससा चावतो, कॉकटील किंचाळतो, हॅमस्टर रात्रभर पिंजरा कुरतडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ससे, गिनीपिग, हॅमस्टर आणि बजी, कॉकटील असे छोटे पोपट पाळणाऱ्यांचे आहेत. (बाजारात लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे रंगीत पक्षी बहुतेक वेळा बजीच असतात.) कुत्र्या-मांजरांचे नियम यांना लावून बरेच जण फसतात. कुत्रा-मांजर शिकार करणारे, तर हे सगळे शिकार होणारे. घाबरणं, पळणं आणि दुखणं लपवणं यावरच त्यांचा जीव टिकतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी ‘याला काही दुखतंय का’ हे बघितलंय, मग ‘पिंजऱ्यात काय कमी आहे’ हे. ‘याचा स्वभावच तसा’ हे उत्तर फार क्वचित खरं ठरतं.

आमचा ससा लहान असताना मांडीवर झोपायचा. पाच महिन्यांचा झाला आणि चावायला लागला, सोफ्यावर लघवी करतो, पायाभोवती घुरघुरत गोल फिरतो. बिघडला का?

बिघडला नाही, वयात आला. ससे साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतात आणि नेमक्या याच वयात ‘आमचा ससा कोणाला हवाय का’ असे निरोप फिरायला लागतात. नर लघवीची पिचकारी मारून हद्द आखतो, पायाभोवती घिरट्या घालतो, उशीवर नाहीतर तुमच्या हातावर चढतो. मादी वेगळ्या पद्धतीने त्रास देते. पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरून पुढच्या पायांनी झडप घालते, कारण ती जागा तिच्या लेखी तिचं बीळ असतं. कधी नराचा संबंध आलेला नसतानाही छातीचे केस उपटून, तोंडात गवत भरून घरटं करायला लागते. ही खोटी गर्भधारणा. दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

यावर खरा उपाय नसबंदी. ऑपरेशननंतर संप्रेरकं उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून डॉक्टरांना दोष देऊ नका. तेवढे दिवस नराला मादीपासून लांबही ठेवा, कारण पिल्लं अजून होऊ शकतात. मादीच्या बाबतीत नसबंदीचं दुसरं मोठं कारण म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग. नसबंदी न केलेल्या, तीन-चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये तो बराच आढळतो.

डॉक्टर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘ऑपरेशनआधी याला किती तास उपाशी ठेवायचं?’ सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवणं त्याला धोक्याचं. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं, तर त्या डॉक्टरांचा सशांशी फारसा संबंध आलेला नाही असं समजा आणि दुसरे शोधा.

नसबंदी लगेच शक्य नाही. तोवर काय करायचं?

पिंजऱ्याची सफाई ससा बाहेर असताना करा. त्याला ओढून बाहेर काढू नका, दार उघडं ठेवा आणि त्याचा तो येऊ द्या. लघवीसाठी त्याने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यातच ट्रे ठेवा आणि ट्रेच्या कडेला गवत ठेवा. सशाला खाता खाता शी करायची सवय असते, तिचा इथे उपयोग होतो. सोफ्यावरचा डाग व्हिनेगर आणि पाण्याने पुसा, वास राहिला तर तो परत तिथेच जाणार. एवढ्याने निम्मा त्रास कमी होतो, निम्मा राहतो.

उचललं की लाथा मारतो, ओरबाडतो. मुलांना तर जवळच येऊ देत नाही.

जमिनीवरून वर उचललं जाणं याचा सशाच्या लेखी एकच अर्थ, घारीने धरलं. त्याच्या मागच्या पायांत एवढी ताकद असते की हवेत जोरात झटका मारला तर स्वतःचाच पाठीचा कणा मोडतो. हे दवाखान्यात खरंच बघायला मिळतं. त्यामुळे लहान मुलांनी ससा उचलायचा नाही हा नियम घरात पक्का हवा. मुलांनी जमिनीवर बसावं, हातात कोथिंबिरीची काडी धरावी आणि वाट बघावी. सशाला नाकासमोरचं नीट दिसत नाही, म्हणून समोरून थेट तोंडाकडे हात नेला की तो दचकतो. बाजूने या, कपाळावरून हात फिरवा. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली आणि अंगाशी घट्ट. कानाला धरून तर कधीच नाही.

रील्समध्ये ससा उताणा करून ‘बघा कसा शांत झोपला’ असं दाखवतात. ती झोप नाही. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती शेवटची धडपड असते. अंघोळीचंही तसंच. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो, त्याला टबात बुडवलं तर भीतीनेच जीव जाऊ शकतो. अंगाला वास येत असेल तर दोष ट्रेचा, नाहीतर आजाराचा.

रात्री अचानक मागचे पाय जोरजोरात आपटतो. खालचे शेजारी तक्रार करतात.

हा धोक्याचा इशारा. त्याला काहीतरी दिसलं, ऐकू आलं किंवा वास आला. खिडकीत मांजर, पाइपावरून जाणारा उंदीर, गॅलरीतलं घुबड. पिंजरा गॅलरीतून आत घ्या, तीन बाजू झाका, आत लपायला एक खोकं ठेवा. दोन दारांचं असेल तर उत्तम, कारण पळायला दुसरी वाट आहे हे कळलं की ससा निवांत होतो.

गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके हा याचाच मोठा अवतार. विसर्जनाच्या मार्गावर घर असेल तर त्या दिवशी पिंजरा घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत न्या, पंखा चालू ठेवा, भरपूर गवत द्या. आणि नंतर खाण्याकडे लक्ष ठेवा. घाबरलेल्या सशाचं आतडं मंदावतं. बारा तासांत त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चार्जरच्या वायरी, दाराच्या चौकटी, पडदे, सगळं कुरतडतो. मिरपूड लावून पाहिली.

मिरपूड डोळ्यांत गेली तर नवीनच दुखणं. सशाचे आणि गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजवण्यासाठी दिवसभर गवत चघळावं लागतं. ज्या घरी ससा गाजर, पोळी आणि बिस्किटावर वाढतो, तिथे चौकटी खाल्ल्या जाणारच. आहारातला बहुतांश भाग गवताचा हवा. चांगलं सुकं गवत मिळत नसेल तर हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, धुऊन द्या. फक्त रस्त्याकडेच्या आणि तणनाशक मारलेल्या नकोत. लसूणघास सगळीकडे मिळतो म्हणून मोठ्या सशाला रोज तोच दिला जातो. त्यात कॅल्शियम फार, मूत्राशयात गाळ साचतो आणि मग ससा कुठेही लघवी करतो. मालक म्हणतो सवय बिघडली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. वाढीच्या वयात लसूणघास चालतो, पुढे अधूनमधून चिमूटभर. कोवळी ज्वारी मात्र अजिबात नको. तिने गुरं दगावतात हे शेतकऱ्यांच्या घरी वेगळं सांगायला नको.

वायरींना प्लास्टिकची नळी चढवा. रोज तीन-चार तास मोकळं फिरू द्या. जाळीत ठेवलेला ससा रिकामपणी जाळीच चावतो.

गिनीपिग हल्ली हात लावला की किंचाळतो. पूर्वी असा नव्हता.

‘पूर्वी असा नव्हता’ हे वाक्य या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. गिनीपिगच्या शरीरात, आपल्यासारखंच, क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते आहारातून मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, सांधे दुखतात, चाल अडखळते, आणि उचलणाऱ्या हातावर तो ओरडतो. फक्त काकडी आणि सशाचे दाणे यावर ठेवलेल्या गिनीपिगचं असं होतं. रोज थोडी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर द्या. पेरूत तर क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, पण त्यात साखरही आहे, म्हणून छोटी फोड पुरे. पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नका, उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासतं. ओरडणं सुरू झालेलं असेल तर आहार बदलून वाट बघत बसू नका, तपासून घ्या. मूतखडा असला तरी तो असाच ओरडतो.

फ्रिज उघडल्यावर येणारी ‘वीऽक वीऽक’ ही मागणी आहे, तक्रार नाही. तिथेच उभ्या उभ्या उडी मारून अंगाला झटका देतो, तेव्हा तो खूश असतो. ‘फिट आली’ म्हणून त्याचे व्हिडिओ डॉक्टरांना पाठवले जातात.

दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत. आता रोज मारामारी, आणि परवा पिल्लं झाली.

फार ओळखीची गोष्ट. लहान पिल्लांमधले नर-मादी ओळखायला सराव लागतो आणि दुकानात कोणाला तेवढा वेळ नसतो. प्राणी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. पिल्लं झालीच असतील तर नराला आत्ता, हे वाचता वाचता वेगळा करा, कारण गिनीपिगची आणि सशाची मादी पिल्लं झाल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. गिनीपिगच्या नर पिल्लांना तीन आठवड्यांचे झाले की आईपासून काढा. आणखी एक, गिनीपिग मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर झालं तर फार अवघड जातं, कारण तोवर तिच्या ओटीपोटाचा सांधा घट्ट झालेला असतो. मोठ्या वयाची मादी नरासोबत ठेवू नका.

मारामारीचं म्हणाल तर दात वाजवणं, केस फुलवणं, एकमेकांवर चढणं इतपत चालतं. रक्त निघालं की वेगळे करा. दोन नर राहू शकतात, पण जागा ऐसपैस हवी आणि प्रत्येक गोष्ट दोन-दोन हवी: दोन वाट्या, दोन बाटल्या, दोन लपायच्या जागा.

एकटा ससा आणि एकटा गिनीपिग ‘सोबत होईल’ म्हणून एकत्र ठेवण्याची पद्धत सोडून द्या. सशाच्या एका लाथेने गिनीपिग जायबंदी होतो, आणि सशाच्या नाकात निमूट राहणारे जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतात.

हॅमस्टरची जोडी आणली होती. सकाळी एक मेलेला सापडला.

सोनेरी म्हणजे सिरियन हॅमस्टर एकटाच राहतो. १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातल्या बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आणि आज जगभर पाळले जाणारे जवळपास सगळे सिरियन हॅमस्टर त्यांचेच वंशज मानले जातात. त्या रानात एका बिळात एकच प्रौढ राहायचा. आठ-दहा आठवड्यांचे झाले की सख्खी भावंडंही जीव घेतात. ‘एकटा कंटाळेल’ ही आपली भावना, त्याची नाही. उरलेल्याला दुसरा जोडीदार आणू नका.

हॅमस्टर चावतो आणि रात्रभर पिंजऱ्याची तार कुरतडतो.

दिवसा झोपेतून उठवलंत तर चावणारच. अंधार पडल्यावर, तो स्वतः बाहेर आल्यावर हात पुढे करा. त्याआधी हात धुवा, कारण त्याची नजर अधू असते आणि बोटाला पोह्यांचा वास आला तर ते बोट म्हणजे खाऊच. पहिले काही दिवस हात नुसता आत ठेवा, तो चढेल तेव्हा चढेल.

तार कुरतडणं हे जागा अपुरी असल्याचं लक्षण आहे. दुकानातले रंगीत दुमजली पिंजरे माणसांना आवडतील असे बनवलेले असतात. त्यात ना पळायला जागा ना खणायला. मोठा प्लास्टिकचा डबा घ्या (झाकणाला जाळी बसवून), तळाशी निदान वीतभर कागदाचा कीस भरा, आणि सिरियनसाठी २८ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक ठेवा. छोट्या चाकात पाठ वाकते, तारेच्या चाकात पाय अडकतो. कापूस घालू नका, पायाला गुंडाळतो.

मादीने स्वतःची पिल्लं खाल्ली.

बहुतेक वेळा कोणीतरी बघायला डोकावलेलं असतं. पिल्लं झाल्यावर दोन आठवडे पिंजरा साफ करायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, आईला उकडलेलं अंडं किंवा पनीर असं काही प्रथिनयुक्त द्यायचं आणि शेजारपाजारच्या मुलांना सांगायचंच नाही.

कॉकटील सकाळ-संध्याकाळ किंचाळतो. ओरडलो की आणखी जोरात.

थव्यातले पक्षी सकाळी आणि सांजेला एकमेकांना हाका मारतात: मी इथे आहे, तुम्ही कुठे? घरात तुम्ही त्याचा थवा. तुम्ही स्वयंपाकघरातून ‘गप्प बस!’ असं ओरडलात की त्याच्या हाकेला ओ मिळाली. तो मनापासून दुसरी हाक मारतो.

यावर चालणारा उपाय असा. एक छोटी शीळ ठरवा. खोलीतून जाताना तीच शीळ घाला, त्याने तशी हळू शीळ दिली की लगेच उत्तर द्या, जवळ या, राळ्याची काडी द्या. किंचाळला तर उत्तर नाही, नजरही नाही. पहिले काही दिवस आवाज वाढतो. नेमका तेव्हाच घरातला कोणीतरी वैतागून पिंजऱ्याकडे धावतो आणि पक्षी शिकतो की जास्त वेळ ओरडलं की काम होतं. त्यामुळे आजी-आजोबांसकट घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तरच हे जमतं. सकाळ-संध्याकाळचा थोडा गोंगाट मात्र राहणारच. तोही नको असेल तर पक्षी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभर पिंजऱ्यावर चादर टाकणं हा उपाय नव्हे, शिक्षा आहे.

स्वतःची पिसं उपटतो. छाती उघडी पडली आहे.

आधी डोकं बघा. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. डोक्यावरची पिसं शाबूत आणि छाती उघडी असेल तर तो स्वतः उपटतोय. डोकंही भुंडं असेल तर दुसरा पक्षी उपटतोय किंवा आजार आहे. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकटीलच्या तुऱ्यामागे जन्मजात टक्कल असतं, त्याची काळजी नको. आणि जुनी पिसं गळून नवी, काड्यांसारखी दिसणारी पिसं येत असतील तर ती साधी पीसगळ.

स्वतः उपटत असेल तर कारणं बरीच असतात आणि बहुधा एकात एक गुंतलेली. यकृताचा किंवा त्वचेचा आजार, किडे, फक्त राळा-बाजरीवर वाढल्याने अ जीवनसत्त्वाची कमतरता, रात्रीचं जागरण, अंघोळ नाही, दिवसभर करायला काही नाही. त्यामुळे पहिली पायरी डॉक्टर. मग झोप. टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर पक्षी तुमच्या मालिका संपेपर्यंत जागाच असतो. त्याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. हळूहळू मेथी, पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर सुरू करा. दाणे वाटीत न देता कागदाच्या पुडीत बांधून, कणसात खोचून, शोधायला लावून द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात रोज उथळ बशीत पाणी ठेवा किंवा हलका फवारा मारा.

हळद आणि खोबरेल लावू नका. तेलाने पिसं चिकटतात, पक्ष्याला अंगाची ऊब राखता येत नाही आणि ते तेल तो चोचीने पोटात घेतो. उदबत्ती, मच्छर कॉइल आणि धूप त्या खोलीत नकोत. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवूच नका. पिसं उपटण्याची सवय जुनी असेल तर ती पूर्ण जाईलच असं नाही, पण नवी पिसं यायला लागली तरी पुष्कळ.

बजीची मादी अंडीच घालत राहते आणि फार चावरी झाली आहे.

पिंजऱ्यातलं मडकं काढा. मडकं दिसलं की मादीला वीण करायची वेळ झाली असं वाटतं. आरसा आणि प्लास्टिकचा खोटा पक्षीही काढा. उजेड दिवसाला दहा तासांवर आणा. अंडी लगेच उचलू नका, ती मोजल्यासारखी नवी घालते. तिला कंटाळा येऊन ती उठेपर्यंत राहू द्या. समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा, अंड्यांमुळे कॅल्शियम ओसरतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली असेल, कुंथत असेल, शेपूट वरखाली होत असेल, तर अंडं अडकलंय. तासाभरातही फरक पडतो, निघा.

चोचीवर टिचकी, नाकावर पाणी, ‘नाही!’ म्हणून दम. काय चालतं?

काहीच नाही. शिक्षेचा संबंध त्याच्या मनात चुकीशी जुळत नाही, तुमच्याशी जुळतो. चावण्याआधी प्राणी सांगत असतो: कॉकटील तुरा मागे चपटा करतो आणि फुसकारतो, ससा कान मागे टाकून अंग आखडतो, हॅमस्टर उताणा होऊन दात दाखवतो. तिथेच हात मागे घ्या. याने तो शेफारत नाही. उलट, चावल्याशिवाय ऐकलं जातं हे त्याला कळतं.

आमच्याकडे कंठवाला पोपट आहे. त्यालाही हेच लागू?

वागणूक बरीचशी सारखी, पण आपल्याकडचे देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. स्टार कासवाचंही तेच. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाशी बोला. आफ्रिकन ग्रे, सन कोन्यूर अशा विदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बजी आणि कॉकटीलला ती लागत नाही.

गावात सशाचा डॉक्टर नाही. कुठे जायचं?

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे आहेत. तिथल्या दवाखान्यात चौकशी करा. जाण्याआधी वागण्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण टेबलावर ठेवल्यावर हे प्राणी ठणठणीत असल्याचं सोंग घेतात. पिंजऱ्याचा फोटो आणि काय खायला देता त्याची यादीही न्या. प्रवास सकाळी लवकर करा. सशाला तिशीपलीकडचं तापमान सोसत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशी गाठतो.

आता खरंच जमत नाही. बागेत किंवा तळ्याकाठी सोडलं तर?

नको. पाळीव ससा बागेत एक रात्रही काढत नाही, कुत्री आणि मांजरं असतातच. बजीला कावळे टिपतात. लाल कानाचं कासव उलट जगतं आणि तळ्यातल्या देशी कासवांच्या मुळावर येतं. दुसरं घर शोधा आणि नव्या माणसाला खरं सांगा: वय, नसबंदी झाली की नाही, कशाला घाबरतो, केव्हा चावतो. फुकट देण्यापेक्षा थोडे पैसे घ्या, फुकटचा ससा कधी कधी अजगराच्या पिंजऱ्यात जातो. देताना जुना पिंजरा, रोजचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं आणि वापरलेला गवताचा एक मूठभर थर सोबत द्या, म्हणजे नव्या जागी त्याला स्वतःचा वास सापडेल आणि तो लवकर खायला लागेल.